काही हरकत नाही

आटगाव,
मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय धनेश,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला बाबांचंच काहीतरी झालं असं वाटलं असेल. घाबरू नकोस, बाबा आहेत. आत्ता ओट्यावर उन्हात खुर्ची टाकून बसलेत आणि डाव्या हाताने वालाच्या शेंगा सोलतायत. निम्म्या शेंगा खाली पडतात, त्या कोंबड्या पळवतात आणि बाबा कोंबड्यांना रागावतात. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो. मला जे सांगायचंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस, मी 'बरं' म्हणते, आणि एवढ्यावर आपली चार वर्षं गेली. कागदाला मीटिंग नसते. म्हणून अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरमधली कोरी पानं फाडून लिहायला बसले आहे. मुलं दुपारीच खिचडी खाऊन घरी गेली, आता संध्याकाळपर्यंत वेळ माझाच आहे.

तुला सगळं आठवतं हे मला माहीत आहे, तरी मी लिहिणार, कारण तुझ्या आठवणीत आणि माझ्या आठवणीत फरक असणार. आई गेली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी पोचलास. तुमच्या कुठल्याशा गिऱ्हाईक कंपनीच्या कॉम्प्युटरवर बाहेरून हल्ला झाला होता आणि तो तुलाच थोपवायचा होता, असं तू सांगत होतास. ज्या माणसाने कसारा घाटात तीस वर्षं भर पावसात रूळ सांभाळले, तो माणूस तुझ्या तोंडाकडे नुसता बघत होता. मग दहाव्याच्या पंगतीत तू सगळ्यांबरोबर पानावर बसलास, आणि बाबा चारचौघांत मला म्हणाले, "पावन्यांना आधी वाढ गो." पाहुणा म्हणजे तू. तू भरल्या पानावरून उठलास, बॅग उचललीस आणि स्टेशनच्या रस्त्याला लागलास. मी भाताची परात हातात धरून उभी होते. त्या दिवशी मी दोघांपैकी कुणालाच अडवलं नाही, एवढा दोष माझा. बाकीचा तुम्ही दोघांनी आपसांत वाटून घ्या.

पुढे दीड वर्षापूर्वी भाद्रपदात लकव्याने बाबांचा उजवा हात गेला. तुला कळवलं. तू आला नाहीस, पण आठ दिवसांत कॉम्प्युटर पाठवलास. शहापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की उजव्याचं काही सांगता येत नाही, डाव्याला कामाला लावा आणि माणसाला गप्प बसू देऊ नका. तर तू त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर कॅरम घालून दिलास. तिथे तुझं डोकं चाललं हे मला कबूल करावंच लागेल. कसाऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बाबांसमोर कॅरमला बसायला कुणी धजायचं नाही, आणि त्यांच्यासमोर बसून शिकलेला तू एकटा. दर रविवारी चार वाजता बाबांच्या कॉम्प्युटरवर पट मांडला जायचा आणि तू पुण्याहून त्यावर येऊन बसायचास. वायफायच्या डब्यात तू त्यासाठी कसलीशी वाटही करून दिली होतीस. फोन नाही, चेहरा नाही, आवाज नाही. बोलायला खाली चार तयार वाक्यं होती: 'नमस्कार', 'छान खेळलास', 'काही हरकत नाही', 'पुन्हा खेळूया'. हवं तर स्वतः टाइप करूनही लिहिता यायचं, पण ते तुम्हा दोघांनाही जमलं नाही. बाबा चारातली दोनच वाक्यं वापरायचे. सुरुवातीला 'नमस्कार' आणि तुझा नेम चुकला की 'काही हरकत नाही'.

चौदा महिने तुम्ही बापलेक एवढ्यावर जगलात. शनिवारपासूनच बाबांच्या अंगात बळ यायचं. माझ्याकडून दाढी करून घ्यायचे, धुतलेला सदरा काढायला लावायचे आणि ओट्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचे, "उद्या धना येनार हाय." शेजारच्या ताराबाईला ते खरंच वाटलं. ती बिचारी एका रविवारी तुझ्यासाठी नाचणीच्या भाकऱ्या घेऊन आली आणि पडद्यावरच्या सोंगट्या बघून परत गेली. भाकऱ्या आम्ही दोघांनी खाल्ल्या.

कॉम्प्युटरबरोबर तू एक चिठ्ठीही पाठवली होतीस, पडद्याखाली चिकटवायला. मराठीत 'काहीही विचारलं तर' आणि पुढे इंग्रजीत मोठ्या अक्षरांत कॅन्सल. फोनवर मला वर बजावलंस की ताई, कुणालाही आत घ्यायचं नाही, माझा धंदाच तो आहे. बाबांना इंग्रजी येत नाही, पण ते अक्षर त्यांनी ओळखीचं करून घेतलं. पहिलं अक्षर फुटक्या बांगडीसारखं, असं स्वतःशी म्हणायचे. मग पडद्यावर जे काही उगवायचं, हे फुकट घ्या, ते जिंकलात, इथे दाबा, ते सगळं फुटकी बांगडी शोधून घालवायचे. धनानं सांगितलंय म्हणून. तुझा शब्द या घरात एवढा कधी पाळला गेला नव्हता.

दिवाळी झाली आणि कॉम्प्युटरने आपलं आपणच काहीतरी नवीन घालून घेतलं, तुम्ही त्याला अपडेट म्हणता. पुढच्या रविवारी बाबांनी कॅरम उघडला तर मध्येच एक चौकट आली. इंग्रजीत चार ओळी आणि खाली दोन बटणं. मी चहाचा कप घेऊन मागेच उभी होते. मला वाचता आलं असतं. मी वाचलं नाही, कारण मला कप ठेवून भात बघायला जायचं होतं. बाबांनी फुटकी बांगडी शोधली आणि दाबली. चौकट गेली, पट आला, नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, मध्ये राणी. फक्त समोरच्या जागेवर तुझं नाव येईना. बाबा साडेपाचपर्यंत बसले, मग म्हणाले, "येळ नसंल तेला."

दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी त्यांनी दाढी करून घेतली नाही. मी फोन उचलला तर म्हणाले, "फोन केलास तं मी जेवनार नाय. तेची मर्जी नाय तं नको." पण चार वाजले की खुर्ची ओढून बसायचे मात्र. हाताशी 'नमस्कार' तयार ठेवून बसायचे. असे सात रविवार. मला तुझा एवढा राग येत होता की भाजी चिरताना तुझ्याशी बोलायची. एका माणसाला खेळण्यावर आणलंस आणि मग खेळणंही काढून घेतलंस, असं रोज तुला सुनावायची. तू पुण्यात बसून बाबांना काय सुनावत होतास, त्याचा अंदाज मला नंतर आला.

फोन करायचा नाही म्हटल्यावर मी कॉम्प्युटरच्या मागे लागले. मला अंगणवाडीचं मोबाइलमधलं काम येतं, मुलांची वजनं भरते, तेवढंच. आधी बंद करून चालू केला. मग गेम काढून परत घातला. मग मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एक जण हिंदीत सांगत होता की गेम चालत नसेल तर अँटिव्हायरस बंद करा, सगळं बंद करा, मग बघा कसा चालतो. मी बंद केलं. कॅरम काही जुळला नाही, पण अर्ध्या तासात पडद्यावर लाल चौकट येऊन भोंगा वाजायला लागला की तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा. बाबा खुर्ची मागे ढकलून उभेच राहिले, पडता पडता वाचले. मी वायर उपटली. अँटिव्हायरस परत चालू केला. मग वायफाय सोडून मोबाइलचं नेट लावून बघितलं. तेही नाही.

शेवटी जानेवारी लागल्यावर अनिलकडे गेले. तुझ्याबरोबर शहापूरला कॉलेजात होता तो. मुरबाडला स्टँडमागे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. कॉम्प्युटरचा डबा गोधडीत बांधला आणि शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटीने निघाले. कंडक्टर मांडीवरचं गाठोडं बघून म्हणाला, "बाळ किती म्हयन्यांचं?" सगळी गाडी हसली. मीही हसले, कारण सरळगाव येईपर्यंत मी त्याला खरंच खड्ड्यांपासून जपत होते.

अनिलला दहा मिनिटं लागली. मी सगळं बंद करून बघितलं हे ऐकून तो म्हणाला, "ताई, दाराची कडी लागत नाय म्हनून कोनी भिंत पाडतं काय?" अँटिव्हायरस वेगळा आणि ही फायरवॉल वेगळी, असं त्याने समजावलं. ही भिंत नव्या माणसाला एकदाच अडवून घरच्याला विचारते, आत घेऊ का? तुम्ही हो म्हटलंत तर घेते. नको म्हटलंत तर आपल्या यादीत तांबडी खूण करून ठेवते. "एकदा नाय म्हटलं का परत इच्यारत नाय ती. गेम काढून परत टाका, यादी तशीच रहाते." बाहेर जाणाऱ्याला ती हटकत नाही, आत येणाऱ्यालाच अडवते. पट आपल्या घरी मांडलेला, म्हणून अडला तो तू. अनिलने यादी उघडून कॅरमच्या नावापुढची तांबडी खूण मला दाखवली. एकदा नाही म्हटलं की परत विचारत नाहीत, हे मला नवीन नव्हतं. वैशाखऱ्याला माझ्या सासरी, मी आता येत नाही म्हणून एकदा निरोप धाडला, त्याला अकरा वर्षं झाली, तिकडून कुणी परत विचारलं नाही. अनिलने ती खूण पुसली, फक्त कॅरमपुरती वाट मोकळी केली, भिंत होती तशी उभी ठेवली आणि दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आपल्या पटावर येऊन बसून दाखवलं.

एवढ्यावर मी निघाले असते तर बरं झालं असतं. पण अनिल म्हणाला, धनेशने इथे नोंद चालू करून ठेवलीय, कोण कधी येऊन अडलं त्याची, बघायचीय का? तूच चालू करून ठेवलेली नोंद. त्याने उघडली. सतरा नोव्हेंबर, चार वाजल्यापासून पाचपर्यंत, एकाच पत्त्यावरून एक्केचाळीस वेळा कुणीतरी आत यायला बघितलं. दुसऱ्या रविवारी सव्वीस वेळा. मग नऊ. मग पाच. सातव्या रविवारी एकदाच, चार वाजून दोन मिनिटांनी. मी त्याचा कागद काढून घेतला आणि एसटीत सगळ्या रस्ताभर ते आकडे वाचत आले. तुला शिव्या घालत मी भाजी चिरत होते, तेव्हा तू दारात उभा होतास. हे मी तुझ्या बाजूने लिहिते आहे, नीट वाच, कारण पुढचं तुझ्या बाजूने नाही.

तू पोटापाण्यासाठी रोज हेच करतोस ना, कोण कुठे अडलं आणि का अडलं ते शोधणं? परक्यांच्या कंपनीत एक दार बंद झालं तर तू आईला खांदा द्यायला येत नाहीस. आणि बापाच्या दारात एक्केचाळीस वेळा अडलास तेव्हा तुझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की ही भिंत असेल? अनिलला जे दहा मिनिटांत दिसलं ते तुला सात आठवड्यांत दिसलं नाही? तुला दिसलं नाही, कारण तुला बाबाच दिसत होते. म्हाताऱ्याने आता इथूनही उठवलं, असं तुला वाटलं आणि तुला ते पटलं. मी काय वेगळं केलं म्हणा.

घरी येऊन मी तो कागद बाबांना वाचून दाखवला. सगळं समजावून सांगितलं, भिंत, यादी, तांबडी खूण. ते ऐकत होते. पहिल्या रविवारचा आकडा त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. मला वाटलं झालं, आता हा माणूस उठून खुर्ची ओढणार. ते पडद्याखालच्या चिठ्ठीकडे बघत म्हणाले, "कॉम्पुटर अडला व्हता. फोन तं चालू व्हता ना." ते उठून ओट्यावर गेले आणि त्या दिवसापासून कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बसलेले नाहीत. मी चिठ्ठी काढायला गेले तर त्यांनी ती मात्र काढू दिली नाही.

आता नीट बस आणि वाच. पाच जानेवारीच्या रविवारी मी नुसतं बघावं म्हणून कॅरम उघडला. चार वाजून तीन मिनिटांनी तुझं नाव आलं. मी धावत ओट्यावर गेले. बाबांनी मान हलवली, "माझ्यानं नाय आता." परत आले तर तू तसाच थांबला होतास. मला तुला परत पाठवता आलं नाही, धना. मी खुर्चीवर बसले आणि 'नमस्कार' दाबलं.

गेले सहा रविवार तू माझ्याशी खेळतो आहेस. तुला एकदाही कळलं नाही. बाबा राणीला शेवटपर्यंत हात लावत नाहीत, मी दुसऱ्याच रविवारी तिला तिसऱ्या फटक्यात घेतली, तरी तुला कळलं नाही. तुला वाटलं म्हाताऱ्याचा हात सुधारला. मग तू मुद्दाम नेम चुकवायला लागलास, म्हाताऱ्याला जिंकू द्यायला. तेही मी बघत होते. तू चुकलास की मी 'काही हरकत नाही' दाबायची, बाबा दाबायचे तशी. कसाऱ्याला असताना तुम्ही मला कधी पटावर घेतलं नाही. पावडर टाक, सोंगट्या लाव, खाली पडलेली शोधून दे, एवढंच माझं काम. तुमच्या खांद्यांमधून बघून बघून मी सगळं शिकले होते, ते कुणी विचारलंच नाही. आणि मला खेळायला आवडत होतं, हे लपवत नाही. शनिवारी मी केस धुवायला लागले. ओट्यावरून बाबा काहीच विचारत नसत. फक्त एकदा म्हणाले, "कोन जिकला?" मी म्हटलं, "धना." ते म्हणाले, "हं."

परवा रविवारी तू पहिल्यांदाच स्वतःचे शब्द लिहिलेस. 'बाबा, माझं चुकलं. आईच्या वेळी मी निघू शकलो असतो. निघालो नाही.' डाव अर्धाच झाला होता. मी ते वाचलं, परत वाचलं. तुझा हल्ला, तुझी कंपनी, चार वर्षं ज्याच्यावर आम्ही निदान अर्धा विश्वास ठेवला ते सगळं तू तीन वाक्यांत खोटं ठरवलंस. बाबा दहा पावलांवर होते. मी त्यांना हाक मारायला हवी होती. मी मारली नाही, कारण ते उठून आले असते तर मला त्या खुर्चीवरून उठावं लागलं असतं. हे इतकं हलकट कारण मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. मी त्या चार वाक्यांवर बाण फिरवत राहिले आणि 'काही हरकत नाही' दाबलं. तू हात जोडल्याचं चित्र पाठवलंस आणि गेलास.

काल सकाळी चार वर्षांत पहिल्यांदा तुझा मला फुलांच्या चित्रासकट शुभ सकाळचा मेसेज आला. तो बघून मला कळलं की रविवारी रात्री तू निवांत झोपलास, आणि म्हणून हे पत्र लिहिते आहे. धना, ते 'काही हरकत नाही' बाबांचं नव्हतं. बाबांना तू काय लिहिलंस ते माहीतही नाही. ते माझंही नव्हतं, मी फक्त बटण दाबलं. माझं विचारशील तर हरकत आहे, चांगली आहे. बाबांची असेल किंवा नसेल, ते त्यांनी त्यांच्या तोंडाने म्हणायचं आणि तू समोर बसून ऐकायचं. तुझी ती तीन वाक्यं मी त्यांना वाचून दाखवणार नाही. कॉम्प्युटर मी काल संध्याकाळीच बंद करून गोधडीत बांधून ठेवलाय. येत्या रविवारी चार वाजता ओट्यावर दुसरी खुर्ची टाकून ठेवीन. तू येणार म्हणून बाबांना मात्र सांगणार नाही. सात रविवार त्यांनी तुझी वाट बघत बसून काढलेत, आठवा मी त्यांना देणार नाही.

तुझीच,
सहा रविवार तुझ्यासमोर बसलेली
रविनाताई